एफटी-१०१ई मध्ये ६१४६बी: मूळ व्हॉल्व्ह मिळेनासे झाल्यावर केलेला बदल

गेल्या ऑक्टोबरात माझ्या याएसू एफटी-१०१ई या जुन्या हौशी (हॅम) रेडिओ सेटचे प्रेषणाचे आउटपुट घसरत घसरत तीस वॅटवर आले. प्रेषणाची की दाबली की पहिले दोन-तीन सेकंद सुई वर जायची आणि मग सावकाश खाली बसायची. शेवटच्या टप्प्याला सिग्नल पुरवणारा ड्रायव्हर व्हॉल्व्ह, १२बीवाय७ए, बदलून पाहिला, फरक शून्य. शेवटच्या टप्प्याचा, म्हणजे फायनलचा आयडल करंट (सिग्नल नसताना वाहणारा) ६० मिलिअँपिअरवर आणावा म्हटले तर तो ठरवणाऱ्या बायस व्होल्टेजचा पॉट टोकापर्यंत फिरवूनही सुई निम्म्यावर अडकायची. याचा अर्थ सरळ होता. फायनलचे दोन्ही ६जेएस६सी संपले होते.

या सेटमध्ये व्हॉल्व्ह तीनच. एक ड्रायव्हर आणि दोन फायनल. बाकी सगळे ट्रान्झिस्टरवर. त्यामुळे बदलायचे दोनच व्हॉल्व्ह होते, पण नेमके तेच मिळत नव्हते. ६जेएस६सी मुळात रंगीत टीव्हीसाठी बनला. पडद्यावरचा किरण आडवा फिरवणाऱ्या विभागात तो राबायचा. टीव्हीसाठी ढिगाने बनत असल्यामुळे स्वस्त होता, म्हणून त्या काळच्या हॅम सेटमध्येही आला. पुढे टीव्ही ट्रान्झिस्टरवर गेले, उत्पादन थांबले आणि उरलेल्या साठ्यावर आपण सगळे इतकी वर्षे काढली. आता एखादी चांगली, जुळवलेली जोडी दिसलीच, तर तिच्या किमतीत अख्खा जुना सेट मिळेल. शिवाय ‘नवा’ म्हणून विकायला ठेवलेल्या व्हॉल्व्हच्या पिनांवर सॉकेटचे ओरखडे दिसतात, ते वेगळेच.

नोव्हेंबर विचारातच गेला. रस्ते तीन दिसत होते. पहिला, ईएल५०९ किंवा त्याचा रशियन भाऊ ६पी४५एस बसवायचा. हे बरेच जण करतात आणि चालतेही. पण तेही टीव्हीचेच व्हॉल्व्ह, म्हणजे आज ना उद्या त्यांचीही हीच गत. दुसरा, फायनल काढून तिथे मॉस्फेट ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर घालायचा. मग पाय-नेटवर्क (फायनल अँटेनाशी जुळवणारे सर्किट), त्याची प्लेट आणि लोडिंगची बटणे, ६०० व्होल्टचा पुरवठा, सगळेच निकामी. एवढे करायचे तर नवा सेट घेतलेला बरा. तिसरा रस्ता ६१४६बी चा. हा मुळात ट्रान्समीटरसाठीच बनलेला. पुढे याएसूने एफटी-१०१झेडडी मध्ये तोच वापरला, केनवूडच्या टीएस-८३०एस मध्येही तोच होता. त्याचेही उत्पादन आता पूर्वीसारखे नाही, पण इतक्या सेटमध्ये तो गेला आहे की साठा मोठा आहे आणि खरा-खोटा ओळखणारी माणसेही भरपूर आहेत.

कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा धीर आला. दोघांचा हीटर ६.३ व्होल्टचाच. ६जेएस६सी ला २.२५ अँपिअर लागतात, ६१४६बी ला बरोबर निम्मे, १.१२५. म्हणजे ट्रान्सफॉर्मरला आरामच. प्लेटचे, म्हणजे आउटपुटच्या टोकाचे ६०० व्होल्ट ६१४६बी ला सहज चालतात. बदल चार ठिकाणी लागणार होते: सॉकेट, स्क्रीन या मधल्या जाळीचे व्होल्टेज, ग्रिडकडची (सिग्नल आत येतो त्या टोकाची) कपॅसिटी आणि न्यूट्रलायझेशन, म्हणजे प्लेटकडून ग्रिडकडे परत गळणारा सिग्नल रद्द करणे. इथेच मी स्वतःला एक अट घातली. चॅसीला नवे भोक पाडायचे नाही, आणि जे काढायचे ते पिशवीत घालून नाव लिहून ठेवायचे. उद्या कोणाला ६जेएस६सी ची पेटी सापडली तर एका रविवारी सेट पूर्ववत करता आला पाहिजे.

डिसेंबरच्या सुरुवातीला व्हॉल्व्ह मागवले. जुळवलेल्या दोन जोड्या घेतल्या, एक वापरायला आणि एक कपाटात. सगळ्या कामात जास्तीत जास्त पैसे यावरच गेले, त्याखालोखाल टपालावर. पार्सल कस्टम्समध्ये अडकले आणि पत्र आले: वस्तू काय आहे, कशासाठी आहे, हे प्रेषण-यंत्र आहे का, असल्यास परवानगी कुठे. मी बिलाची प्रत, व्हॉल्व्हच्या डेटाशीटचे पहिले पान, माझ्या हॅम परवान्याची प्रत आणि ‘हा सुटा भाग आहे, स्वतः प्रेषण करू शकत नाही, वैयक्तिक दुरुस्तीसाठी मागवला आहे’ असे तीन ओळींचे पत्र जोडून पाठवले. त्यावर पुन्हा पत्र आले, बिलावर नग किती ते स्पष्ट नाही म्हणून. विक्रेत्याकडून दुरुस्त बिल मागवले. हे होईपर्यंत जानेवारी संपला. तुम्ही मागवणार असाल तर विक्रेत्याला आधीच सांगा: पार्सलवरच्या फॉर्मवर नग, वर्णन आणि ‘जुन्या रेडिओचा सुटा भाग’ हे पूर्ण लिही. ‘इलेक्ट्रॉनिक्स’ एवढेच लिहिले की चौकशी ठरलेली.

खोके उघडले तर चारपैकी एका व्हॉल्व्हच्या काचेवरचा चांदीसारखा डाग दुधासारखा पांढरा झालेला. त्या डागाला गेटर म्हणतात. आत हवा शिरली की तो पांढरा पडतो. असा व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये घालून बघायचाही नाही. फोटो पाठवल्यावर विक्रेत्याने दुसरा दिला, पण तो यायला मार्च उजाडला. कपाटातली जोडी तोवर लंगडीच राहिली.

वाट पाहण्याचा काळ वाया गेला नाही, कारण एवढ्या जुन्या सेटमध्ये फायनल ही एकच तक्रार कधीच नसते. ड्रायव्हरची प्लेट आणि फायनलचा ग्रिड यांच्यामधला कपलिंग कपॅसिटर पहिल्यांदा बदलला. तो गळका निघाला तर ग्रिडवर धन व्होल्टेज येते आणि नवे कोरे फायनल काही मिनिटांत लाल होतात. जुना काढून तपासला, चांगला होता. तरीही बदलला. नवे व्हॉल्व्ह घालण्याआधी हा एक भाग डोळे मिटून बदलावा, असे माझे मत आहे. मग पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक. मूळ मापाचे मिळत नाहीत. आताचे त्याच क्षमतेचे कपॅसिटर आकाराने निम्मे असतात आणि जुन्या पट्टीत खुळखुळतात. १०५ अंश तापमान सोसणारे घेतले आणि पट्टीच्या आत फायबरची गुंडाळी घालून घट्ट बसवले. मालिकेत जोडलेल्या कपॅसिटरवरचे समतोल राखणारे रेझिस्टरही नवे घातले, कारण मोजल्यावर दोघांत बराच फरक आढळला.

रिसीव्हरच्या बाजूला एक २एसके१९ जेफेट (ट्रान्झिस्टरचा एक प्रकार) खरखर करत होता. तो आता बनत नाही. समोर येतो जे३१०, आणि खूप जण तोच लावतात. पण त्याचा शून्य-बायस करंट २४ ते ६० मिलिअँपिअर, म्हणजे जुन्याच्या मानाने बराच जास्त. चालतो, पण त्या टप्प्याचे बायस बिघडते. मी २एन५४८५ च्या जातीचा घेतला, ४ ते १० मिलिअँपिअरचा. पाय असलेला मिळाला नाही, म्हणून एमएमबीएफ५४८५ हा तांदळाच्या दाण्याएवढा चिप-प्रकार मागवला, नखाएवढ्या पीसीबीवर बसवला आणि तीन तारा काढून बोर्डात लावला. पायांचा क्रम जुन्यासारखा नसतो, डेटाशीट समोर ठेवूनच तारा वाकवा.

एफटी-१०१ चे बोर्ड काठावरच्या कनेक्टरात खोचलेले असतात. अर्धे ‘दोष’ तिथेच असतात. प्रत्येक बोर्ड काढून काठ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, कनेक्टरमध्ये संपर्क-क्लीनर फवारला, बोर्ड चार वेळा आत-बाहेर केला. खोडरबर वापरू नका, सोन्याचा पातळ मुलामा निघतो. एवढ्यानेच रिसीव्हर असा उघडला की मी दुसरे काही करण्याआधी एक अख्खी संध्याकाळ ४० मीटरच्या बँडवर नुसता ऐकत बसलो.

फेब्रुवारीच्या शेवटी फायनलचा पिंजरा उघडला. ६०० व्होल्ट माणूस मारायला पुरेसे आहेत, आणि बंद सेटमध्येही कपॅसिटर ते धरून बसू शकतात. ते उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर आपले काम करतोच असे धरून चालू नये. तो उघडा पडला असेल तर बाहेरून काहीच कळत नाही. प्लग काढायचा, थांबायचे, रेझिस्टर लावलेल्या काठीने प्लेटची टोपी चॅसीला टेकवायची, मग मीटरने मोजायचे, आणि शून्य दिसल्यावरच हात घालायचा. डावा हात खिशात. मला दर वेळी भीती वाटली. ती वाटत होती म्हणूनच क्रम चुकला नाही.

जुनी सॉकेट बारा पिनांची, काँपॅक्ट्रॉन जातीची. ६१४६बी ला ऑक्टल लागते. जुन्या सॉकेटच्या स्क्रूच्या भोकांना जुळेल अशी अ‍ॅल्युमिनियमची छोटी पट्टी कापली, तिच्यात सिरॅमिकचे ऑक्टल सॉकेट बसवले आणि पट्टी मूळ स्क्रूंनी चॅसीला आवळली. वायरी सोडवण्याआधी फोटो काढले आणि प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी चिकटवली. ६१४६बी ची जोडणी सोपी आहे: २ आणि ७ हीटर, ३ स्क्रीन, ५ ग्रिड, १, ४ आणि ६ तिन्ही कॅथोड. या तिन्ही कॅथोड-पिना वापरायच्या, आणि चॅसीपर्यंतची वाट शक्य तितकी आखूड ठेवायची. एका पिनेवर भागवले तर १० मीटरवर व्हॉल्व्ह स्वतःच गायला लागू शकतो, म्हणजे सिग्नल न देताही त्यात दोलने सुरू होतात. स्क्रीनचे बायपास कपॅसिटरही थेट सॉकेटच्या पिनेवर, दोन-तीन मिलिमीटरच्या पायांवर.

प्लेटच्या टोपीजवळ रेझिस्टरभोवती गुंडाळलेले छोटे कॉइल असते, पॅरासिटिक (नको असलेली दोलने) दाबण्यासाठी. जुने कार्बन-काँपोझिशनचे रेझिस्टर वयाबरोबर वर सरकतात. माझ्यातला एक दुप्पट दाखवत होता. बदलताना तार गुंडाळून केलेला रेझिस्टर घालू नका. तो स्वतःच कॉइल असतो.

स्क्रीनला मूळचे १६० व्होल्ट येत होते. ६१४६बी ला तेवढ्यावर जोर येत नाही, २०० च्या आसपास लागतात. २५० ही वरची मर्यादा. वरच्या व्होल्टेजच्या ओळीवरून एक रेझिस्टर आणि झेनर डायोडची माळ घालून २०० व्होल्ट तयार केले. जुनी १६० ची वायर कापली नाही, टोकाला आवरण घालून बाजूला बांधली.

ग्रिडकडचा हिशोब मला सर्वांत आवडला. ६जेएस६सी ची इनपुट कपॅसिटी सुमारे २४ पिकोफॅरड, ६१४६बी ची साडेतेराच्या आसपास. दोन व्हॉल्व्हचा फरक झाला २१. या सेटमध्ये प्रीसिलेक्टचे एकच बटण रिसीव्हरचा पुढचा भाग आणि ट्रान्समीटरचा ड्रायव्हर दोन्ही एकदम फिरवते. ग्रिडवरचे २१ पिकोफॅरड गायब झाले की ऐकण्याचे शिखर एकीकडे आणि बोलण्याचे दुसरीकडे जाणार. कॉइलचे गाभे फिरवून जुळवता येते, पण मग मूळ व्हॉल्व्हकडे परत जाताना पुन्हा सगळे अलाइनमेंट करावे लागणार. मी ग्रिडपासून चॅसीला २२ पिकोफॅरडचा सिल्व्हर मायका कपॅसिटर लावला. एकाही गाभ्याला हात लावावा लागला नाही, दोन्ही शिखरे जागच्या जागी राहिली.

न्यूट्रलायझेशनचेही तसेच. ग्रिड आणि प्लेट यांच्यातली कपॅसिटी ६जेएस६सी मध्ये ०.७ पिकोफॅरड, ६१४६बी मध्ये ०.२२, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून न्यूट्रलायझिंग ट्रिमरबरोबर मालिकेत असलेला स्थिर कपॅसिटर काढून १० पिकोफॅरडचा मायका घातला, ३ किलोव्होल्टचा. इथे कमी व्होल्टेजचा चालत नाही. ६०० चे डीसी आणि त्यावर तेवढाच आरएफचा (रेडिओ सिग्नलचा) झोका.

मार्चमध्ये चालू करायची वेळ आली. आधी व्हॉल्व्ह न घालता सॉकेटच्या पाच नंबर पिनेवर बायस मोजला: ऋण आहे ना, पॉटने कमी-जास्त होतो ना, आणि ५० व्होल्टच्या दोन्ही बाजूंना पुरेसा पल्ला आहे ना. बायस नाही आणि प्लेटला ६०० व्होल्ट, ही स्थिती व्हॉल्व्हला काही सेकंदही झेपत नाही. मग व्हॉल्व्ह घालून फक्त हीटर एक दिवस-रात्र पेटते ठेवले, कारण वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या व्हॉल्व्हमध्ये थोडा वायू साठलेला असतो. त्यानंतर बायस जास्तीत जास्त ऋण करून, डमी लोड (अँटेनाऐवजी आउटपुट जिरवणारा रेझिस्टर) लावून, खोलीतला दिवा घालवून मुख्य पुरवठा दिला. दिवा यासाठी, की प्लेट लाल व्हायला लागली तर अंधारात आधी दिसते. काही लाल झाले नाही. आयडल करंट सावकाश ५० मिलिअँपिअरवर आणला.

न्यूट्रलायझेशनला मात्र घाई करून चालत नाही. २८.५ मेगाहर्ट्झ, डमी लोड, ड्राइव्ह बेताचा. एका डोळ्याने प्लेट करंटची सुई, दुसऱ्याने बाहेरच्या वॅटमीटरची. प्लेटचे बटण हळू फिरवले की करंट खाली जातो, एका जागी तळ गाठतो आणि पुन्हा वर चढतो. तळ येतो तिथेच आउटपुटचे शिखर यायला हवे. माझ्याकडे आधी शिखर येत होते आणि बटण जाडसर केसभर पुढे नेल्यावर तळ. एका बाजूला सुई हळू चढायची, दुसऱ्या बाजूला उडी मारायची. पिंजरा बंद ठेवून, भोकातून प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने ट्रिमर पाव फेऱ्याहून कमी हलवायचा, की दहा सेकंदांहून जास्त दाबायची नाही, मग व्हॉल्व्हला श्वास घेऊ द्यायचा. ट्रिमरच्या पत्र्यांवर उच्च व्होल्टेज असते, धातूचा स्क्रूड्रायव्हर घालाल तर एका ठिणगीत सगळ्या हिवाळ्याची मेहनत जाईल. रात्री कधीतरी दोन्ही सुया एकाच जागी वळल्या आणि तळाच्या दोन्ही बाजूंचा चढ सारखा झाला. ट्रिमर साधारण मधोमध होता, म्हणजे १० पिकोफॅरडचा अंदाज बरोबर बसला. मी ओरडलो की नाही ते आठवत नाही, पण घरातले जागे झाले होते.

परवान्याच्या दृष्टीने एक काम उरले होते. सेट फॅक्टरीतून आला तसा राहिलेला नाही, त्यामुळे तो काय बाहेर फेकतो याची जबाबदारी सर्वस्वी आपली. १०० वॅट म्हणजे ५० डीबीएम. एवढे थेट टायनीएसए या छोट्या स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरमध्ये घातले तर तो तिथेच मरेल. डमी लोडच्या वाटेवर सिग्नल ५० डेसिबलने कमी करणारा टॅप लावून दुसरी आणि तिसरी हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पट जागी येणारे नको असलेले सिग्नल) प्रत्येक बँडवर पाहिली. सगळीकडे मूळ सिग्नलच्या ४५ डेसिबलहून खाली. आउटपुट माझ्या परवान्याच्या श्रेणीत बसते का तेही लिहून घेतले. तुमच्या श्रेणीची मर्यादा तुम्ही पाहा, काही श्रेणींना १०० वॅट चालत नाहीत. आकडे, तारीख आणि बदललेल्या सर्किटचा तुकडा एका कागदावर काढला आणि झाकणाच्या आतून चिकटवला. ऑक्टल सॉकेट पाहून बुचकळ्यात पडणाऱ्या पुढच्या माणसासाठी तो आहे.

‘मूळ’ जपणाऱ्यांशी माझा वाद नाही. पेटीबंद, ओरखडा नसलेला सेट हाती आला तर मीही त्याला हात लावणार नाही. पण माझा सेट आधीच तीन जणांच्या हातांतून गेलेला, पुढच्या पट्टीवरची अक्षरे झिजलेली. मूळ व्हॉल्व्हसाठी थांबून तो शोभेला ठेवण्यापेक्षा हवेत गेलेला मला जास्त आवडतो. ज्यांना दोन्ही हवे त्यांनी भोके न पाडण्याची अट पाळली की भागते.

एप्रिलपासून सेट रोज चालू आहे. ८० ते १५ मीटर सगळीकडे शंभरच्या आसपास वॅट मिळतात, आवाजाचे रिपोर्ट चांगले आहेत. १० मीटरवर ८० च्या वर जात नाही. पाय-नेटवर्कच्या कॉइलचा त्या बँडचा टॅप अर्ध्या वेढ्याने सरकवला तर बहुधा जाईल, पण ८० आणि १०० मधला फरक समोरच्याला ऐकू येत नाही, म्हणून ते काम मागे टाकले आहे. ड्रायव्हरचा १२बीवाय७ए अजून सहज मिळतो. मिळतो आहे तोवर दोन घेऊन ठेवले.